काचेतला खटका

ताथवड्यात इंजिनीअरिंग कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर एक इमारत आहे. खाली झेरॉक्सची आणि चहाची दुकानं आणि वर वर्षालीची कंपनी. कंपनी लहानच. कारखान्यातल्या मशीनना लागणारे टच स्क्रीन, म्हणजे काचेची पॅनेलं, तिथे तयार व्हायची. त्यातलं वर्षालीचं काम काय, हे नातेवाइकांना समजावून सांगता सांगता तिच्या आई इंदुताई थकल्या होत्या. शेवटी त्या सरळ सांगून टाकायच्या, "आमची वर्षाली काचेला गुदगुल्या करते."

ते फारसं चूकही नव्हतं. जुनं बटण दाबलं की आत जातं, खट् करतं, आणि बोटाला कळतं की काम झालं. काचेला ते जमत नाही. दाबा, न दाबा, ती तशीच सपाट आणि गार. म्हणून काचेच्या मागे शर्टाच्या गुंडीएवढी मोटर चिकटवायची आणि बोट टेकल्याबरोबर तिने काचेला नेमका असा हिसका द्यायचा की बोट फसावं, त्याला वाटावं की खरंच काहीतरी आत दबलं. हिसका किती जोराचा, किती वेळ आणि मुख्य म्हणजे किती झटकन थांबणारा, यात सगळी कला. थांबायला उशीर झाला की काचेखाली माशी अडकल्यासारखं वाटतं. वेळेवर थांबला की खटका बसतो. वर्षाली असे खटके दिवसचे दिवस घडवत बसायची, तबला बनवणारा शाई घोटत बसतो तसे.

त्या वर्षी तिच्यापुढे आलेलं काम होतं दादासाहेबांच्या प्रेस शॉपचं. चाकणच्या बाहेर, जिथे त्यांच्या वडिलांचं भुईमुगाचं रान होतं, तिथे आता मोठी शेड होती आणि शेडमध्ये पत्र्याचे भाग ठोकून काढणारे प्रेस रांगेने उभे होते. नवे प्रेस आले ते काचेची पॅनेलं घेऊन. तेव्हापासून कामगारांचं बिनसलं होतं. हातमोजा घातलेला हात काचेवर ठेवला की लागलं का नाही ते कळेना, मग मान वळवून स्क्रीनकडे बघायचं, आणि बघायचं ते नेमकं डायवरची, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या साच्यावरची, नजर काढून. आधी दोन कंपन्या येऊन हात टेकून गेल्या होत्या. दादासाहेबांनी वर्षालीला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं.

"पोरी, आमच्या माणसांचं डोळं डायवर पायजेत. हाताचं हातालाच कळलं पायजे. ते जमत न्हाई तवर ही काच माझ्या कामाची न्हाई."

वर्षालीला हे काम जिंकायचंच होतं, आणि त्याचं कारण तिच्या घरात होतं. तिचे वडील ज्योतीराम औसा तालुक्यातलं गाव सोडून तरुणपणी भोसरीत आले आणि एका प्रेस शॉपमध्ये लागले. त्या काळीही प्रेसला दोन बटणं असत, दोन्ही हात बटणांवर असल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये म्हणून. पण काम भरभर उरकावं म्हणून एक बटण पट्टीने दाबून बांधून टाकायची सगळ्यांना सवय होती. एके दिवशी प्रेस खाली आला तेव्हा ज्योतीरामचा उजवा हात आत होता. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. वर्षाली तेव्हा जन्मलीही नव्हती. तीन बोटांनी भाकरी मोडणारा हातच तिने पहिल्यापासून पाहिला, आणि बरीच मोठी होईपर्यंत सगळ्यांच्या वडिलांचे हात तसेच असतात अशी तिची समजूत होती.

म्हणून तिने दादासाहेबांच्या पॅनेलवर दोन पंजे आखले, डावा आणि उजवा. दोन्ही हात त्या पंज्यांत नीट ठेवले की पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'तयार' उमटणार आणि मग हात दाबले की प्रेस चालणार. पंज्यांच्या बाहेर काचेवर दुसरं काहीही टेकलेलं असेल, पट्टी, फळकूट, कुणाचं बोट, तर प्रेस जागचा हलणार नाही. त्याऐवजी हाताला एक खरखर लागेल, नकाराची. हा नियम तिने स्वतः लिहिला होता आणि तिचा सहकारी ज्ञानेश, जो पॅनेलच्या आतला प्रोग्राम सांभाळायचा, त्याने तो वाकडातिकडा करून पाहिला तरी मोडला नव्हता.

पण खटकाच लागेना. ताथवड्याच्या टेबलावर झकास बसणारा खटका चाकणच्या शेडमध्ये हरवायचा. तिथे प्रत्येक ठोक्यागणिक जमीनच हादरत होती. त्या हादऱ्यात काचेचा हिसका म्हणजे वरातीत कुणी कानात बोलावं तसा. पूनम नावाची एक ऑपरेटर होती, चांगली हुशार आणि बोलायला गोड. तिने मोजा घातलेला हात पुन्हा पुन्हा ठेवून पाहिला आणि म्हणाली की मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण काहीच लागत नाही.

वर्षालीने हिसका वाढवला तर तो टोचायला लागला. कमी केला तर नाहीसा झाला. शेवटी एका रविवारी ती पॅनेल घेऊन कासारवाडीला घरी गेली. घर रेल्वेलाइनला लागून होतं. गाडी गेली की मांडणीवरची भांडी किणकिणायची, खिडकीची तावदानं थरथरायची. चाकणच्या शेडची उसनी नक्कल म्हणून ते बरं होतं.

दुपारची जेवणं झाली होती. तिने पॅनेल पाटावर ठेवलं, लॅपटॉप जोडला आणि गाडी येण्याची वाट बघत बसली. ज्योतीराम शेजारी येऊन बसले. त्यांनी कधी टच स्क्रीनला उजवा हात लावला नव्हता. मोबाइलसुद्धा ते डाव्या हाताने, कुणाचा तरी मान राखावा तसा बेताने वापरायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं की मी लावून बघू का, आणि लेकीने मान हलवताच उजवा पंजा काचेवर पसरून ठेवला.

तेवढ्यात गाडी आली. भांडी वाजू लागली. वर्षालीने खटका सोडला.

ज्योतीरामनी मान तिरकी केली. कुठून तरी आपल्या नावाने हाक आली की करतात तशी.

"लागलं का?" तिने विचारलं.

"लागलं की," ते म्हणाले. "मधल्या बोटाला लागायलंय."

वर्षालीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. मधलं बोट जिथे असायला हवं होतं तिथे काच मोकळी होती.

ती घाबरली नाही. गेलेला अवयव वर्षानुवर्षं जाणवत राहतो, खाजतो, ठणकतो, हे तिने वाचलेलं होतं, आणि हिवाळ्यात वडील नसलेल्या बोटांची जागा चोळत बसायचे हे पाहिलंही होतं. उलट तिला हुरूप आला. तिने हिसक्याची चाल बदलून बदलून सोडायला सुरुवात केली. ज्योतीराम डोळे मिटून सांगत होते. हा बोथट आहे. हा घसरतो. हा बरा, पण शेपूट लांब आहे. गाडी असो वा नसो, त्यांच्या त्या दोन बोटांना एकही खटका चुकत नव्हता. बापलेकीची अशी मैफल त्या घरात पूर्वी कधी जमली नव्हती. इंदुताईंनी मध्येच चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

"हां," ज्योतीराम एकदम म्हणाले. "आता बसला. ह्यो खरा खटका."

वर्षालीने घाईघाईने आपली बोटं टेकवून पाहिली. गाडीचा हादरा चालू असताना, त्या हादऱ्याच्या आरपार, काच खाली दबली आणि वर आली. अगदी जुन्या बटणासारखी. तिच्या अंगावर आनंदाने काटा आला.

मग तिने सहज लॅपटॉपकडे पाहिलं. काचेवर जिथे जिथे बोट टेकतं तिथे लॅपटॉपवर पांढरं वर्तुळ दिसायचं, चाचणीसाठी ज्ञानेशने तशी सोय करून ठेवली होती. वडिलांचा हात अजून काचेवर होता. तिने आपला काढून घेतला होता.

वर्तुळं पाच होती.

कधी कधी काचेला नसलेला स्पर्श भासतो. या धंद्यात त्याला घोस्ट टच म्हणतात, आणि त्यात भुताखेताचं काही नसतं. चार्जर खराब असतो, अर्थिंग सैल असतं, काचेवर पाण्याचा थेंब असतो. वर्षालीने चार्जर काढला. काच पुसली. वायर बदलली. वडिलांना हात उचलून पुन्हा ठेवायला सांगितलं, थोडा वाकडा, थोडा वर. पाचही वर्तुळं हातासोबत सरकली. गेलेल्या बोटांची दोन जिथे असायला हवीत नेमकी तिथे, मधल्या बोटाचं तर्जनीच्यापेक्षा जरासं पुढे.

"झालं का?" ज्योतीरामनी विचारलं आणि हात उचलला.

तीन वर्तुळं विझली. दोन राहिली.

ती काही वेळ तशीच होती, एकमेकांशेजारी. मग तीही गेली. वर्षालीने वडिलांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ज्ञानेशला सांगितलं ते फक्त एवढंच की नव्या खटक्यासोबत घोस्ट टच येतोय. ज्ञानेशने असले स्पर्श गाळून टाकणारी चाळणी प्रोग्रामला लावली. वर्तुळं दिसेनाशी झाली, आणि खटकाही मेला. मोटर तीच, हिसका तोच, आकडे तेच, पण काच पुन्हा काच झाली. चाळणी काढली की खटका जिवंत. दोघांनी ते कितीदा तरी करून पाहिलं. शेवटी ज्ञानेश खुर्चीत मागे रेलून म्हणाला की आपल्याला न समजलेलं काहीतरी आत काम करतंय, आणि ते चांगलं काम करतंय. चाळणी काढून टाकायची का? वर्षाली हो म्हणाली.

चाकणच्या चाचणीला दादासाहेब स्वतः शेडमध्ये येऊन उभे राहिले. सकाळची शिफ्ट नुकती सुरू झाली होती, सगळे प्रेस ठोकत होते, जमीन गाडीसारखी हलत होती. पूनमने मोजे चढवले आणि हात आखलेल्या पंज्यांत ठेवले.

पूनमची नजर डायवर होती. प्रेस खाली आला, वर गेला. तिने भाग काढला, नवा पत्रा सरकवला, हात ठेवले. पुन्हा. पुन्हा. एकदाही तिने मान वळवली नाही. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, आणि शेजारच्या प्रेसवरचे लोक आपलं काम थांबवून बघू लागले. ते एकेक करून आले, हात लावून गेले. एक म्हातारा फिटर काचेवर दोनदा तळवा थोपटून म्हणाला की हिच्यात जीव आहे. दादासाहेबांनी सगळ्यांत शेवटी हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि वर्षालीकडे न बघता म्हणाले, "जमलं गं पोरी."

ते बाजूला झाले तेव्हा ज्ञानेशने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. पूनमचे हात पुन्हा पंज्यांत होते. मध्ये, मोकळ्या काचेवर, काही नव्हतं. वर्षालीला हायसं वाटलं.

चाचणी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालवायची ठरली होती. सुट्टीच्या थोडं आधी एक पत्रा डायच्या मागच्या कडेला अडकला; पूनमला ते कळलं नाही. प्रेसच्या पलीकडच्या बाजूला गणराज नावाचा सेटर, म्हणजे डाय बसवून देणारा, होता. त्याने आवाज दिला, पण तो ठोक्यांत बुडाला. त्याने आत हात घातला. पूनमला पत्र्याच्या आडून तो हात दिसत नव्हता. पलीकडून हात आला की प्रेस आपोआप रोखणारा सेन्सर त्या आठवड्यात बंद होता, हे नंतर कळलं.

पूनमने हात ठेवले.

पडद्यावर हिरवं 'तयार' उमटलं.

तिने दाबलं.

प्रेस हलला नाही.

वर्षाली लॅपटॉपकडेच बघत होती. दोन पंज्यांच्या मधोमध, जिथे कुणाचाही हात नव्हता, तिथे दोन पांढरी वर्तुळं होती. एकमेकांशेजारी. त्यातलं एक जरासं पुढे.

पूनमने पुन्हा दाबलं. वर्तुळं होती तिथेच होती.

मग गणराजचा हात पत्रा घेऊन बाहेर आला, पलीकडून त्याचं डोकं वर आलं, आणि सगळ्यांना एकाच वेळी काय टळलं ते दिसलं. कुणीतरी धावत गेलं. मुख्य स्विच बंद झाला. शेजारचेही प्रेस एकामागून एक थांबत गेले आणि त्या शेडमध्ये कधी नव्हे ती शांतता पसरली. गणराज आपल्या हाताकडे बघत खाली बसला. दादासाहेबांनी जाऊन तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि इतकी वर्षं कारखाना चालवलेला तो माणूस सगळ्यांदेखत रडला.

वर्षालीने पूनमला बाजूला घेतलं. खरखर लागली ना, नकाराची? तिला एवढंच ऐकायचं होतं.

पूनमने मोजा काढला. हाताची पाठ चोळली.

"खरखर नव्हती मॅडम. कुणीतरी माझा हात खालून उचलून धरला. दोन बोटांनी. हळूच, लहान मुलाचा धरतात तसा."

काम वर्षालीच्या कंपनीला मिळालं, हे सांगायलाच नको. शेडमधल्या सगळ्या प्रेसना ती काच बसणार होती, आणि ही हकिगत संध्याकाळच्या आत चाकणभर झाली होती. घरी जाताना वर्षालीने जिलेबी घेतली. तिने वडिलांना सगळं सांगितलं, दोन वर्तुळांचं सोडून. गोष्ट गणराजच्या हाताशी आली तेव्हा ज्योतीरामनी तिला थांबवलं आणि तो भाग पुन्हा सांगायला लावला. मग जिलेबीचा तुकडा उजव्या हाताने मोडता मोडता, सहज आठवल्यासारखं ते म्हणाले की एक गंमत झाली आहे. त्या रविवारपासून बोटं ठणकत नाहीत. जाणवतच नाहीत. इतकी वर्षं ती होती तिथे होती, आता तिथे कुणीच नाही.

"गेली म्हणायची," ते म्हणाले आणि हसले. इंदुताई म्हणाल्या की ते एवढे गाढ झोपायला लागलेत की गाडीनेही जाग येत नाही.

वर्षालीने त्यांचा हात हातात घेतला. तो हलका वाटला.

पुढे जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. ज्योतीरामनी भोसरीतल्या एका जुन्या सोबत्याला सांगितलं असावं. त्याला अंगठा नव्हता. तो चाकणला गेला, दादासाहेबांची परवानगी काढून त्याने पहिल्या काचेवर हात ठेवला आणि त्याचा ठणका गेला. मग एकेक जण येऊ लागला. भोसरीहून, देहूरोडहून, चाकणच्या आसपासच्या गावांतून. कुणाची दोन पेरं गेलेली, कुणाची चार बोटं, कुणाचा अर्धा तळवा. दादासाहेबांनी जेवणाच्या सुट्टीची वेळ त्यांना देऊन टाकली आणि शेडबाहेर मंडप घालून पाण्याचे पिंप ठेवले. माणसं बिचकत आत जायची, काचेवर हात ठेवायची, आणि बाहेर येताना खांदे सैल सोडून, हात झुलवत यायची. एकाने जाताना वर्षालीच्या डोक्यावर हात ठेवला. ती अशी कौतुकाने न्हाऊन निघाली होती, आणि तिला ते हवंही होतं. चाकणच्या त्या शेडमध्ये नंतर कुणाचं नखसुद्धा गेलं नाही. दुसऱ्या प्रेस शॉपनी तीच काच मागितली. जिथे जिथे ती लागली, तिथेही नाही.

नव्या पॅनेलांची पुढची मोठी खेप तयार झाली तेव्हा ताथवड्याच्या वरच्या मजल्यावर ती फळ्यांवर ओळीने उभी करून चालू ठेवली होती. पाठवण्याआधी काही वेळ तशी चालवून बघायची रीत होती. चाकणच्या पहिल्या काचेतला प्रोग्राम जसाच्या तसा सगळ्यांत उतरवलेला होता. दुपारची वेळ, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खाली कॉलेजची पोरं चहा पीत हसत होती. ज्ञानेशने वर्षालीला बोलावलं. त्याने दार उघडून धरलं.

आत कुणी नव्हतं. पण खोलीत बारीक आवाज भरला होता, पत्र्यावर पावसाचे तुरळक थेंब पडावेत तसा. खटके बसत होते. कुठल्या ना कुठल्या काचेत, सतत.

ज्ञानेशने मोठ्या पडद्यावर सगळी पॅनेलं एकदम दाखवली. एकावर एक वर्तुळ. एकावर चार. एकावर रुंद, आखूड, अंगठ्याचं असावं असं. ती शांतपणे टेकलेली होती, कामाला आलेल्या माणसांसारखी. वर्षालीला भीती वाटायला हवी होती. तिला वाटला तो अभिमान. एकही हात आता मशीनमध्ये जाणार नव्हता, कारण ज्यांना ते काय असतं हे ठाऊक होतं ती राखणीला उभी होती. चाळणी लावायची का, असं ज्ञानेशने विचारलं, तेव्हा ती नाही म्हणाली.

मग तिची नजर खालच्या ओळीतल्या शेवटच्या पॅनेलवर गेली.

त्याच्यावर दहाच्या दहा वर्तुळं होती.

चाकणला आलेल्या माणसांत दोन्ही हात गेलेलं कुणी नव्हतं. तिने प्रत्येकाचा हात पाहिला होता.

ती जवळ गेली. वर्तुळं विखुरलेली नव्हती. पाच डाव्या पंज्यात होती, पाच उजव्या. आखलेल्या रेषेबाहेर एकही नव्हतं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, फक्त दाबायचं बाकी होतं, आणि काचेवर हिरवी अक्षरं उमटलेली होती.

तयार.